माडकाका गेले

घोडबंदरकर | ८ जानेवारी, रात्री १०.४२

सगळ्यांना एकदम कळावं म्हणून धागा काढतोय. आपले माडकाका सोमवारी पहाटे गेले. चार दिवस दवाखान्यात होते. त्याच्या आदल्या रविवारी फोनवर बोललो तेव्हाही पहिला प्रश्न नेहमीचाच होता, "किमान किती गेलं?", म्हणजे रात्रीचं तापमान. तब्येतीचं विचारलं तर म्हणाले, "ते राहू दे, आधी आकडा सांग." घरच्यांच्या इच्छेने त्यांचं नाव इथे लिहीत नाही. तसंही ते आपल्याला माडकाकाच होते.

नव्या सभासदांसाठी थोडं लिहितो. काका मूळचे निफाड तालुक्यातले. वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून तीस वर्षं नोकरी केली, घर कोपरीत, तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या लहानपणी गावात नारळ म्हणजे देवापुढे फोडायला वाण्याकडून आणायची वस्तू. झाडाला लागलेला नारळ त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो ठाण्यात, नोकरीच्या मुलाखतीला आले तेव्हा. कळव्याच्या बाजूला कोणाच्या तरी परसात माड होता. मुलाखत विसरून तिथे उभा राहिलो, असं सांगायचे. आपल्या गावात हे झाड का नाही, हा प्रश्न तिथे डोक्यात शिरला आणि पुढे पन्नास वर्षं तो त्यांनी सोडला नाही.

उत्तर आता आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नारळाला २७ अंशांच्या आसपास बरं वाटतं. पारा १५ च्या खाली गेला की वाढ जवळजवळ थांबते आणि दहिवर गोठायला लागलं की झाड जातं. निफाड म्हणजे राज्यातल्या थंडीच्या बातमीत दर हिवाळ्यात येणारं नाव. तिथे द्राक्षं होतात, गहू होतो, पण कोकणातला माड तिथे उपरा. काकांच्या वाटणीला वडिलोपार्जित पंधरा गुंठे आले होते. ठाण्यात गॅलरीत रोपं वाढवायची, दोन-तीन वर्षांची झाली की खोपटहून एसटीने गावाला न्यायची. हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. शेजारच्या सीटचं वेगळं तिकीट काढून त्यावर रोप बसवून नेलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो ते माझं मेलेलं फॉक्सटेल पामचं रोप घेऊन. बदलापूरला आमचं छोटं घर आहे, तिथे लावलं होतं. एका डिसेंबरात ते आधी तपकिरी झालं, मग गेलं. काकांनी मुळं धुतली, मधली सुई, म्हणजे न उलगडलेलं पान, उभी चिरली, वास घेतला. मग कपाटातून लांब आकाराची दोनशे पानी वही काढली. वरती लाल शाईने लिहिलं होतं, "गेलेले". आत रकाने आखलेले. झाड, लावल्याची तारीख, गेल्याची तारीख, त्या आठवड्याचं किमान तापमान, आणि शेवटचा रकाना, "माझी चूक".

माझ्या फॉक्सटेलचीही नोंद त्यांनी करायला लावली, माझ्याच हाताने. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, "थंडीने गेलं." काकांनी पट्टी लावून ते खोडलं. म्हणाले, "थंडी पडणारच. ती काय चूक झाली? त्या रात्री तू काय केलं नाहीस ते लिही." बराच वेळ विचार केला. शेवटी आठवलं की रोप मी उतारावर अगदी खाली, नाल्याच्या कडेला लावलं होतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर निवते, तिच्यावरची हवा जड होते आणि पाण्यासारखी वाहत सखल जागेत जाऊन साठते. मी रोप त्या डबक्याच्या तळाशी लावलं होतं. तेवढंच लिहिलं. त्यावर काकांनी मान डोलावली आणि मला चहा मिळाला.

त्यांची मोजायची पद्धत बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माडाच्या शेंड्यातून न उलगडलेलं नवं पान भाल्यासारखं सरळ वर येतं, ती सुई. काका तिच्यावर आणि तिला खेटून असलेल्या जुन्या देठावर, दोन्हींवर मिळून मार्करने एक आडवी रेघ मारायचे. आठवड्याने बघायचं. जुन्या देठावरची रेघ जागच्या जागी असते, सुईवरची वर सरकलेली असते. मधलं अंतर म्हणजे आठवड्याची वाढ. जूनमध्ये ठाण्याच्या गच्चीत ती वीतभर सरकायची. निफाडला जानेवारीत तीन-तीन आठवडे दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून असायच्या. झाड हिरवंगार दिसतंय, टवटवीत आहे, पण ते थांबलंय, हे डोळ्याला कळत नाही, रेघेला कळतं. टर्नरचं काम केलेला माणूस, मोजल्याशिवाय बोलायचा नाही.

निफाडला पाच माड लावले होते, भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून आणलेली बाणवली जातीची रोपं. तीन वहीत गेले. उरलेल्या दोघांपैकी एकाला अकराव्या वर्षी पोय, म्हणजे फुलोरा, आली. पहिले नारळ सगळे वांझ निघाले, आत पाणी ना खोबरं. त्यापुढच्या वर्षी एक भरला. तो काकांनी ठाण्याला आपल्या बैठकीत आणला, टॉवेलात गुंडाळून. मुठीपेक्षा थोडा मोठा. तो फोडायला कोणाचाच हात होईना. काकांनी स्वतः कोयता घेतला, अकरा जणांना नखाएवढं खोबरं वाटलं आणि करवंटी पिशवीत घालून घरी नेली.

आणखी लिहायचं आहे. पण आज इतकंच जमतंय. तुमच्याकडे काकांच्या आठवणी असतील त्या इथे लिहा. मुख्य म्हणजे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं काही कामाचं असेल तर ते नक्की लिहा, ते हरवायला नको.

खाडीकाठ | ८ जानेवारी, रात्री ११.१५

भावपूर्ण श्रद्धांजली. यावर काय लिहू कळत नाही.

वाशीची_बागवाली | ९ जानेवारी, सकाळी ७.०५

रात्रीच वाचलं, झोप लागली नाही.

माझ्याकडे काकांनी दिलेला लिपस्टिक पाम आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, त्याचे देठ आणि खोडाचा वरचा भाग लाखेसारखा लालभडक असतो. मलाया, सुमात्रा, बोर्निओकडच्या दलदलीतलं झाड, पाय कायम पाण्यात. आपल्याला वाटतं की ठाणे-नवी मुंबई म्हणजे उष्ण आणि दमट, इथे काय अडचण? काकांनी मला पहिल्या भेटीत विचारलं, "ताई, पाऊस किती महिने?" चार. "आणि उरलेले आठ?" तेव्हा लक्षात आलं की ज्या झाडाच्या मुलखात बारा महिने पाऊस आहे त्याच्यासाठी आपली वाशीसुद्धा काठावरचीच जागा. नोव्हेंबरपासून पूर्वेकडून जे कोरडं वारं सुटतं त्यात त्याची पानं कागदासारखी होतात. काका म्हणायचे की निफाडला थंडी मारते, इथे वारं मारतं. म्हणून गॅलरीत पूर्वेच्या बाजूला हिरवी जाळी लावायची, कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत ठेवायची आणि डासांसाठी त्या परातीत गप्पी मासे सोडायचे. मी सगळं केलं. तरी पानांची टोकं जळायची.

एका रविवारी काका ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने फक्त हे बघायला आले. गुडघे दुखत असताना. पानाकडे बघितलंच नाही, खाली बसून कुंडीच्या काठावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. "पाणी कुठलं घालता?" मी अभिमानाने सांगितलं, पाण्याच्या फिल्टरमधून जे फुकट जातं ते साठवते, थेंब वाया घालवत नाही. काका क्षणभर काही बोलले नाहीत. मग हळू आवाजात समजावलं की फिल्टर आपल्यासाठी गोडं पाणी काढतो तेव्हा सगळे क्षार त्या टाकायच्या पाण्यात उरतात, आणि तेच तुम्ही रोज ह्याला पाजताय. फरशी पुसायला वापरा, ह्याला नको. मला वाईट वाटू नये म्हणून पुढे हेही म्हणाले की पाणी वाचवायची सवय सोडू नका, फक्त वाट बदला.

त्या जूनपासून मी पावसाचं पाणी दोन पिंपांत भरून ठेवते. जानेवारी अखेरपर्यंत पुरतं. आता झाडाला पाच लाल दांडे आहेत. काकांना मी फोटो पाठवायचे, त्यावर त्यांचं उत्तर एकाच शब्दात यायचं, "मोजलं?"

मातीचा_वास | ९ जानेवारी, सकाळी ९.३०

माझी काकांशी ओळख नव्हती. त्यांच्या जिद्दीला नमस्कार आहे. पण मनापासून एक विचारतो, राग मानू नका. मी येऊरला स्थानिक झाडांच्या लागवडीचं काम करतो. जे झाड जिथलं नाही ते तिथे एवढ्या आटापिट्याने का जगवायचं? निफाडच्या बांधावर बाभूळ, कडुनिंब, शिंदी आपसूक येते. चाळीस वर्षं त्यात घातली असती तर एक राई उभी राहिली असती.

बेलापूरचा_बुरुज | ९ जानेवारी, दुपारी २.१०

मातीचा_वास, राग कशाला? हाच प्रश्न मी काकांना विचारला होता, बेलापूरच्या किल्ल्यापाशी चालता चालता. त्यांचं उत्तर जमेल तसं लिहितो.

काका म्हणाले, झाडं तीन प्रकारे लावतात. डोंगरावर लावताना तिथलंच लावायचं, त्यात दुसरं मत नाही. शेतात पोटासाठी लावतात. आणि अंगणात शिकायला लावतात. माझं अंगण आहे, मी शिकतोय. निफाडच्या त्या पंधरा गुंठ्यांच्या बांधावर त्यांनी शिंदीही राखली होती, कोणाला तोडू दिली नाही. आपल्याकडचा मूळचा पाम म्हणजे शिंदी, भेरली माड, किनाऱ्यावर कुठे कुठे फाटे फुटणारा रावणताड. यांच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज जास्त मऊ व्हायचा. आपल्या नर्सरीत ज्याला सरसकट अरेका म्हणून विकतात तो मादागास्करचा, आणि खरी अरेका म्हणजे आपली पोफळ, हे मला त्यांनीच सांगितलं.

दुसरी गोष्ट बॉटल पामची. नवी मुंबईत सोसायटीच्या दारात हा दिसला नाही अशी गल्ली नाही. बुडाशी फुगलेला, गुळगुळीत. हे झाड मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या छोट्या बेटावरचं. तिथे माणसांनी सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी कोवळी रोपं खाऊन संपवली आणि एकेकाळी जंगलात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मोठी झाडं उरली होती. आज ते जगभर आहे ते लोकांनी बागांतून वाढवलं म्हणून. बागेतलं झाड म्हणजे जंगल नाही, हे काका स्वतःच बजावायचे. पण बी हातात राहतं, म्हणायचे.

आणि फॉक्सटेल. घोडबंदरकरांच्या पोस्टमध्ये उल्लेख आहे म्हणून लिहितो, कारण काका ही गोष्ट सांगताना दर वेळी मध्येच थांबायचे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँडमध्ये केप मेलव्हिल म्हणून भाग आहे. काळ्या ग्रॅनाइटच्या दगडांच्या राशीत हा पाम उगवतो. शास्त्रज्ञांनी त्याचं रीतसर वर्णन केलं १९८३ साली. आज पाम बीच मार्गापासून कुठेही दिसणारं झाड, पण पुस्तकात आलं इतक्या उशिरा. तिथल्या आदिवासींना मात्र ते माहीत होतंच. त्या डोंगराची, त्या झाडाची सगळी माहिती ज्याच्याकडे होती असा त्यांच्यातला शेवटचा माणूस वोडिएटी. तो १९७८ मध्ये वारला. पाच वर्षांनी झाडाला नाव दिलं ते त्याचं, वोडिएशिया. काका म्हणायचे, नाव दिलं ते बरंच केलं, पण त्याला जे माहीत होतं ते कोणी लिहून घेतलं का?

म्हणून ती वही. आज मला ते नीट कळतंय.

मातीचा_वास | ९ जानेवारी, दुपारी ४.५०

धन्यवाद. शिंदी राखली होती हे वाचून बरं वाटलं. त्यांना भेटायला हवं होतं.

द्राक्षवेल | १० जानेवारी, रात्री १२.२०

मी ऐरोलीला राहतो, पण आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यातच, काकांच्या जमिनीला लागून. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. तिथली एक रात्र सांगतो.

चार-पाच वर्षं झाली असतील. डिसेंबरचा शेवट. दुपारपासूनच वारा पडला, आभाळ काचेसारखं स्वच्छ. अशा दिवशी आमच्याकडे गावभर एकच बोलणं असतं. मी सुट्टी काढून गेलो होतो. संध्याकाळी बघतो तर अण्णा एसटीतून उतरतायत, हातात कापडी पिशवी, पिशवीत गोणपाट आणि सुतळी. वय पंचाहत्तरच्या पुढे. ठाण्यात बातमी ऐकली आणि निघाले.

त्यांच्याकडे दोन थर्मामीटर होते, यू आकाराच्या नळीचे. आत पाऱ्याच्या डोक्यावर टाचणीच्या टोकाएवढी लोखंडी खूण असते. पारा तिला ढकलत नेतो आणि मागे फिरला की खूण तिथेच राहते, म्हणजे रात्री सगळ्यात कमी किती झालं ते सकाळी कळतं. एक नाल्याकडे, एक विहिरीजवळच्या घराच्या भिंतीला. दोन्हींत दोन-अडीच अंशांचा फरक असायचा. एकाच रात्री, एकाच वावरात. माड त्यांनी त्या पश्चिमेच्या भिंतीशीच लावले होते. दुपारभर ऊन खाल्लेली दगडी भिंत रात्री ती ऊब हळूहळू सोडते.

अंधार पडायच्या आत आम्ही दोघांनी लहान माडाच्या झावळ्या एकत्र करून वेणीसारख्या बांधल्या, सुई मध्ये आली. त्यावर गोणपाट. आत पिवळा बल्ब, पानाला टेकणार नाही असा. पॉलिथिन लावू का विचारलं तर नाही म्हणाले, पानाला चिकटतं आणि जिथे चिकटतं तिथेच जळतं. मोठ्या माडाला काही करता येत नाही, तो उंच. त्याच्या बुडाशी पाचट पसरलं.

पहाटे तीनला आमच्या बागेत शेकोट्या पेटवल्या. ओला पालापाचोळा टाकून धूर करायचा, तो जमिनीवर पसरतो. अण्णा तोवर जागेच होते. साडेतीनला त्यांनी विहिरीवरची मोटर सुरू करायला लावली. आमचे वडील म्हणाले, एवढ्या थंडीत पाणी? अण्णांनी विहिरीच्या पाण्यात हात बुडवायला सांगितलं. कोमट लागलं. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळजवळ सारखं असतं, पंचविसाच्या आगेमागे, त्यामुळे बाहेर गारठा असला की ते ऊबदार. पाटातून पाणी माडांच्या आळ्यात सोडलं तर वाफ वर येताना दिसत होती. अण्णा त्या वाफेत मफलर गुंडाळून उभे होते.

सकाळी नाल्याजवळची खूण चारच्या खाली होती. भिंतीजवळची सहाच्या थोडी वर. मोठ्या माडाच्या बाहेरच्या दोन झावळ्या आठवड्यात तपकिरी झाल्या, बाकी झाड राहिलं. आमच्या बागेतही त्या पहाटेपासून पाणी सोडायला लागलो.

उन्हं वर आली की गोणपाट लगेच सोडायचं. त्या दिवशी मला डुलकी लागली. अण्णांनी एकट्याने सोडलं. मी उठलो तर घडी घालून ठेवलेलं होतं.

कोंब | ११ जानेवारी, सकाळी ८.४५

मी इथे नवीन आहे, आणि हा धागा चुकीचा असेल तर माफ करा. काकांबद्दल वाचताना भीती वाटली म्हणून विचारते. घणसोलीला आमच्या सोसायटीत एक माड आहे, सासूबाईंनी लावलेला, आठ वर्षांचा. त्याची मधली सुई कलली होती, काल हात लावला तर ती सरळ निघूनच आली. खालचं टोक चिकट आणि घाण वास. माळी म्हणाला झाड गेलं, तोडून टाका. खरंच गेलं का?

घोडबंदरकर | ११ जानेवारी, सकाळी ९.२०

ताई, धागा अजिबात चुकीचा नाही. काका असते तर सगळं बाजूला ठेवून आधी तुम्हाला उत्तर दिलं असतं. झाड आज तोडू नका.

माडाला वाढीचा कोंब एकच. आंब्याची फांदी गेली तर दुसरी फुटते, माडाला तसं नाही. तो शेंड्याच्या आत खोल असतो, सुई निघून आली त्याच्याही खाली. सुई कुजली म्हणजे कोंब गेलाच असं नसतं, मधे थोडी जागा असते आणि आपल्याला आत्ता तीच वाचवायची आहे.

आधी शेंड्यात टॉर्च मारून बघा. पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतायत का? असतील तर गेंड्या भुंगा शिरलेला आहे. तारेच्या हुकाने त्याला ओढून काढावं लागेल. मग कुजलेला गाळ जेवढा सहज निघेल तेवढा काढा, चांगल्या भागाला चाकू लावू नका. माडाच्या खोडाला झालेली जखम इतर झाडांसारखी भरून येत नाही. त्या पोकळीत एक टक्का बोर्डो मिश्रण ओता. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, तुम्हाला लिटरभर पुरे, म्हणजे दोन्ही दहा-दहा ग्रॅम. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. झाडाखाली लहान मुलं येऊ देऊ नका. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

शेंड्यावर पाणी मारू नका. आणि हिरव्या झावळ्या एकही तोडू नका, कितीही वाकड्या दिसोत. सध्या झाड त्यांच्यावरच जगतंय, जुन्या पानांतलं पोटॅश काढून ते नव्याला देतं. भुंगा निघाला तर पुढच्या वेळेसाठी वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू घाला.

त्यानंतर थांबायचं. काकांच्या वहीत कोपरीतल्या एका माडाची नोंद आहे, सुई निघाल्यापासून नवं टोक दिसेपर्यंत चौदा आठवडे लागले. पहिली दोन पानं आखूड आणि मुरडलेली आली. ती नोंद त्यांनी नंतर खोडली आहे आणि बाजूला लिहिलंय, "घाईने इथे लिहिलं. झाड आहे."

कोंब | ११ जानेवारी, रात्री ९.०२

गेंड्या भुंगाच होता. दोन निघाले. मोरचूद उद्या आणते. माळीदादांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, ते उद्या येतायत मदतीला. सासूबाईंना आज संध्याकाळी माडाजवळ खुर्ची टाकून दिली.

वाशीची_बागवाली | ११ जानेवारी, रात्री ९.४०

कोंब ताई, वाशीहून काही लागलं तर सांगा. माझ्याकडे मोरचूद शिल्लक आहे, परवा घणसोलीला आणून देते.

घोडबंदरकर | १७ जानेवारी, सायंकाळी ६.३०

आज काकांच्या घरी गेलो होतो. काकूंनी आणि त्यांच्या मुलीने झाडांचं काय करायचं ते ठरवलं आहे, त्यांच्या परवानगीने लिहितो.

गॅलरीत आणि गच्चीत मिळून एकोणचाळीस कुंड्या आहेत. प्रत्येकीला अॅल्युमिनियमची छोटी पट्टी, त्यावर काकांनी खिळ्याने ठोकलेला क्रमांक. त्या क्रमांकाची दुसरी वही आहे, "असलेले". काकूंचं म्हणणं असं की झाड ज्याच्याकडे जाईल त्याने त्याचं पान वहीतून उतरवून घ्यावं, आणि पट्टी काढू नये. पोफळीची सहा रोपं मातीचा_वास यांनी मागितली आहेत, येऊरच्या पायथ्याच्या एका वाडीसाठी, तिथे विहीर आहे. बजरबट्टू या पामची तीन रोपं आहेत, काकांनी बियांपासून केलेली. हे झाड तीस ते ऐंशी वर्षांत एकदाच फुलतं आणि मग मरतं. ती कोणी तरुण माणसाने घ्यावीत, असं काकूंनी सांगितलं आहे. जागाही मोठी लागते, पान दोन माणसांच्या उंचीचं होतं. बेलापूरचा_बुरुज यांच्या मुलीची शाळा एक घ्यायला तयार आहे. उरलेली दोन माझ्याकडे ठेवतो, जागा मिळेपर्यंत.

न्यायला येताना स्वतःची पिशवी आणा आणि रिक्षाने नेणार असाल तर शेंडा गोणपाटात बांधून न्या, वाऱ्याने सुई मोडते. गोणपाट घरात भरपूर आहे. रविवारी सकाळी दहा ते एक.

"गेलेले" वही काकूंनी माझ्याकडे दिली. मी तिचं पानन्‌पान टंकून इथे वेगळ्या धाग्यावर टाकणार आहे. दोनशे चौदा नोंदी आहेत, वेळ लागेल. शेवटचा रकाना जसाच्या तसा ठेवीन. काकूंनी सांगितलं की दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी काकांनी वही मागितली होती. शेवटची नोंद त्याच दिवशीची आहे, एका छोट्या लिपस्टिक पामची. "माझी चूक" या रकान्यात लिहिलंय, "खिडकी लावायला उठलो नाही."

द्राक्षवेल | १९ जानेवारी, सकाळी ७.५०

काल गावी आलो. अण्णांच्या वावरात जाऊन आलो. दोन्ही माड उभे आहेत. भिंतीवरची खूण सातवर होती, चुंबकाने खाली ओढून ठेवली. लहान माडाच्या सुईवर त्यांची रेघ आहे, निळ्या मार्करची, खाली तारीख २१ डिसेंबर. देठावरची आणि सुईवरची रेघ अजून एकमेकींना लागूनच आहेत. पाणी सोडलंय, आज रात्री गोणपाट बांधतो. पुढच्या शनिवारी पुन्हा येतोय, मार्कर घेऊन.